सही माझी नाही, नवरा माझा आहे: शाखा व्यवस्थापक आणि ठाणे अंमलदार यांना खुले पत्र

मा. शाखा व्यवस्थापक आणि मा. ठाणे अंमलदार यांस,

स. न. वि. वि.

एकच पत्र दोघांना लिहिते आहे. शाखेत गेले की ऐकायला मिळायचं, "आधी एफआयआर आणा, मग बघू." पोलीस ठाण्यात गेले की, "आधी बँकेचं पत्र आणा, कर्ज खोटं आहे म्हणून." तुमच्या दोन दारांमधलं अंतर आमच्या गावात आठशे पावलं आहे. मध्ये एसटी स्टँड आणि एक रसवंती. दुकान बंद ठेवून चार महिने मी त्या आठशे पावलांत येरझाऱ्या घातल्या. आता दोघांनी एकाच वेळी वाचावं म्हणून हे उघड्यावर.

मी शिवणकाम करते. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी बारा बाय दहाचा गाळा, दोन मशिनी, लग्नसराईत हाताखाली एक मुलगी. मार्च 2025 मध्ये जुकी, म्हणजे वेगवान शिलाई मशीन, घ्यायची म्हणून 80 हजारांच्या कर्जासाठी अर्ज केला. दुसऱ्या दिवशी फोन आला, "ताई, तुमचं सिबिल खराब आहे." आयुष्यात कधी कर्ज काढलं नाही, तर खराब व्हायला सिबिल आलं कुठून? मुलाने सिबिलचा, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींचा, रिपोर्ट काढून दिला. स्कोअर 541. खाली दोन कर्जं. एक नोव्हेंबर 2023 चं, साडेतीन लाखांचं, माझ्या दुकानाच्या नावावर, माझंच बचत खातं असलेल्या शाखेतून. दुसरं ऑगस्ट 2024 चं, 45 हजारांचं, मोबाइल ॲपवरून. दोन्ही थकीत.

शाखेत गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलाने फाइल माझ्याकडे वळवली. जेमतेम मिनिटभर. अर्जावर माझा फोटो होता. त्यातला हिरवा ब्लाउज मी स्वतः दिवाळीला शिवला होता, बोटनेक, पाठीला नाडी. त्या फोटोच्या आठ प्रती काढल्या होत्या आणि कपाटात पाकिटात ठेवल्या होत्या. घरी जाऊन मोजल्या, पाच निघाल्या. एक मुलाच्या शाळेत दिलेली. उरलेल्या दोन कुठे गेल्या ते मला कळलं.

फोटोखाली सही होती, इंग्रजीत. मी मराठीत सही करते. शेवटच्या अक्षराची शेपटी खालून वर घेऊन आडनावाच्या शिरोरेघेला टेकवते, काज्याचा टाका घालावा तशी. 2011 पासून याच शाखेत माझं खातं आहे आणि नमुना सहीच्या कार्डावर ती शेपटीची सही आहे. कार्ड आणि अर्ज एकाच इमारतीत, बहुधा एकाच संगणकात. दोन्ही शेजारी ठेवून बघायला कुणाला अर्धं मिनिट मिळालं नाही. का, ते व्यवस्थापक साहेब, तुमच्याच माणसाने सांगितलं: "मिस्टर स्वतः आले होते ना फॉर्म घेऊन."

ॲपचं कर्ज याहून वाईट, कारण त्यात माझा हात आहे. ऑगस्ट 2024 म्हणजे लाडक्या बहिणीच्या फॉर्मांची झुंबड. मी मशिनीवर होते. मिस्टर मोबाइल घेऊन आले आणि म्हणाले, "जरा इकडे बघ, डोळे मिचकाव, योजनेचं केवायसी आहे." मी मिचकावले. पायाखालचं पायडल थांबवलंसुद्धा नाही. कर्जाचे पैसे माझ्याच खात्यात आले, कारण डिजिटल कर्जाची रक्कम कर्जदाराच्या खात्यातच जमा करावी असा रिझर्व्ह बँकेचा 2022 पासूनचा नियम आहे. चांगला नियम आहे. पण माझ्या खात्याचं यूपीआय त्यांच्या फोनवर होतं. पासबुकात 45 हजार जमा, आणि त्याच दिवशी, त्याच्या लगेच खालच्या ओळीत, त्यांच्या नावावर गेलेले.

शाखेत फाइल पाहिली त्या रात्री मिस्टरांना विचारलं तर म्हणाले, "धंद्यात अडकलो होतो, तुला सांगणारच होतो." नंतर व्हॉट्सॲपवर लिहिलं, "दोन महिन्यांत सगळं भरतो, कुठे बोलू नकोस." मी बोलले नाही. उलट शाखेतल्या कर्जाचे दोन हप्ते स्वतःच्या गल्ल्यातून भरले, सिबिल सुधारेल म्हणून. हे वाचणाऱ्या बायांनी एवढं एक करू नये. हप्ता भरला की समोरचा म्हणतो, कर्ज मान्य होतं म्हणून तर भरलंत. मला तेच ऐकावं लागलं. फायनान्सवाल्यांच्या "सेटलमेंट करून टाका"लाही भुलू नये. अर्ध्या पैशांत सुटका होते, पण रिपोर्टात 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि न काढलेल्या कर्जाचा डाग आपण स्वतःच पैसे मोजून पक्का करतो.

आता व्यवस्थापक साहेब, आधी तुमच्याशी.

मी अर्जाची, करारनाम्याची आणि केवायसीच्या कागदांची प्रत मागितली. उत्तर आलं, अंतर्गत कागद आहेत, देता येत नाहीत. म्हणजे वसुलीचा फोन करायचा असेल तेव्हा मी कर्जदार आणि कागद मागितले की परकी? मी कर्जदार असेन, तर करारनाम्याची प्रत सोबतच्या सगळ्या कागदांसह कर्जदाराला द्यायची, हे रिझर्व्ह बँकेच्या उचित व्यवहार संहितेतच आहे. कर्जदार नसेन, तर रोज वसुलीवाल्यांचे फोन मला कशाचे? तेही सकाळी साडेसातला, जेव्हा सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करायचा नाही असं 2022 च्या परिपत्रकात लिहिलं आहे.

दुसरं तुमचं उत्तर होतं, "ओटीपी तुमच्या नोंदणीकृत मोबाइलवरच गेला." हा नंबर नोंदला कसा ते आठवून बघा. 2011 मध्ये खातं उघडताना माझ्याकडे मोबाइल नव्हता. काउंटरवर म्हणाले, "मिस्टरांचा नंबर टाका." टाकला. सिम त्यांच्या नावावर, फोन त्यांच्या खिशात. पडताळणीचा फोनही त्याच नंबरावर गेला असणार आणि ज्याने अर्ज भरला त्यानेच तो उचलला असणार. तुमच्या शाखेत माझ्यासारख्या किती बायांच्या खात्याला नवऱ्याचा, दिराचा, मुलाचा नंबर जोडलेला आहे, ते एकदा काढून बघा. आपले सगळे व्यवहार चोख समजणाऱ्या मास्तरीणबाईसुद्धा त्यात निघतील. आणि कर्ज मात्र बायकोच्या नावावर काढण्याची चाल वाढते आहे. बाईच्या नावाने व्याज थोडं कमी पडतं, घर घेताना मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. सवलत चांगलीच आहे. पण सवलत नावाला मिळते, ती बाई समोर हजर आहे का हे कुणी बघत नाही.

तक्रार कुठे करायची हे मला तुमच्या शाखेत कुणी सांगितलं नाही. तालुका विधी सेवा समितीतल्या वकीलबाईंनी सांगितलं, फुकट, कारण बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोन 15100. त्यांनी पहिल्यांदा चारही क्रेडिट कंपन्यांचे रिपोर्ट काढायला लावले: सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क. वर्षातून एकदा प्रत्येकीकडून मोफत मिळतो. मग बँकेला आणि क्रेडिट कंपनीला एकाच दिवशी लेखी तक्रार, पोच घेऊन. क्रेडिट कंपनी स्वतःहून नोंद खोडत नाही, ती बँकेलाच विचारते, म्हणून एकीकडे करून भागत नाही. तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, हा नियम एप्रिल 2024 पासून लागू आहे. शंभर रुपयांत माझं एक फॉल-पिको होतं, रक्कम मोठी नाही. पण अर्जात ही ओळ लिहिल्यावर तुमच्या मुख्य कार्यालयातून पहिल्यांदा उत्तर आलं, हे मुद्दाम नोंदवते.

त्यानंतर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, की तिथे जाता येतं. शुल्क नाही. अर्ज आपण स्वतः किंवा आपण नेमलेल्या प्रतिनिधीने करायचा, वकिलामार्फत चालत नाही. इथे क्रम महत्त्वाचा. आधी ग्राहक आयोगात किंवा दिवाणी कोर्टात गेलात तर त्याच विषयावर लोकपालाचं दार बंद होतं. पण पोलीस तपास चालू असेल तर होत नाही, योजनेतच तसं स्पष्ट लिहिलं आहे. म्हणून साहेब, तुम्ही मला पाठवलेलं ते "पोलीस तपास चालू असल्याने आपल्या तक्रारीवर विचार करता येत नाही" हे पत्र मी जपून ठेवलं आहे. ॲपवाल्या कर्जाची नोंद लोकपालाकडे गेल्यावर निघाली. तुमची अजून आहे. लोकपालाकडे नाहीच सुटलं, तर हा करार माझा नाही, मला बंधनकारक नाही, असा ठराव मागणारा दिवाणी दावा करता येतो. त्याला फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. माझी मार्च 2028 ला संपेल. कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

ठाणे अंमलदार साहेब, आता तुम्ही.

तुम्ही वाईट बोलला नाहीत, खुर्ची दिलीत, हे आधी सांगते. पण अर्ज वाचायच्या आधी विचारलंत, "करणारा कोण?" मी सांगितलं. त्यावर पेन खाली ठेवलंत आणि म्हणालात, "हा घरगुती मामला आहे ताई, महिला कक्षात समुपदेशनाला जा." समुपदेशन कशाचं करणार? सही कुणाची यावर नवरा-बायकोत समेट कसा होतो?

खोटी सही करून बँकेकडून पैसे उचलणं हा दखलपात्र गुन्हा आहे आणि कायद्यात 'पतीने केल्यास नाही' असं कुठे लिहिलेलं नाही. बायकोच्या स्त्रीधनाचा अपहार केल्याबद्दल नवऱ्यावर फौजदारी चालते, लग्नाने तो हक्क बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच प्रतिभा राणी खटल्यात सांगून टाकलं आहे. माझ्या तक्रारीत तारखांमुळे कलमांचा थोडा घोळ होता, तो मान्य. 1 जुलै 2024 च्या आधीचं कृत्य जुन्या दंडसंहितेत जातं, म्हणजे शाखेच्या कर्जाला 420, 468, 471. नंतरचं भारतीय न्याय संहितेत, म्हणजे ॲपच्या कर्जाला 318 आणि 319, शिवाय आयटी कायद्याचं 66 सी आणि 66 डी. तुमच्या टेबलावर दोन्ही पुस्तकं होती, जुन्याचा पुठ्ठा निघालेला. आयटी कायद्याचा तपास निरीक्षक दर्जाच्याच अधिकाऱ्याने करायचा असतो, म्हणून "पीआय साहेब आल्यावर या" म्हणालात हे बरोबर. पण साहेब येईपर्यंत गुन्हाच नोंदवायचा नाही, हे बरोबर नाही.

तुम्ही सर्वोच्च न्यायालयाच्या ललिता कुमारी निकालाचा दाखला दिलात, वैवाहिक वादात आधी प्राथमिक चौकशी करता येते म्हणून. येते. 2013 चा तो निकाल मीही वकीलबाईंकडून समजून घेतला. त्यात चौकशीला मुदत आहे, डायरीत नोंद करायची आहे आणि तक्रार बंद केली तर त्या नोंदीची प्रत आठवड्याच्या आत तक्रारदाराला द्यायची आहे. माझा अर्ज 'चौकशीवर' सात आठवडे होता आणि माझ्या हातात पोचेशिवाय काही नव्हतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतली चौदा दिवसांच्या चौकशीची सोय तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांना आहे. बनावट सही करून फसवणुकीला शिक्षाच सात वर्षांपर्यंतची, तिथे ती लागत नाही. शेवटी अर्ज टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवला, त्याच संहितेच्या कलम 173(4) खाली. तिथेही काही झालं नसतं तर शपथपत्र जोडून मॅजिस्ट्रेटकडे जायची तयारी होती. जावं लागलं नाही. सप्टेंबर 2025 मध्ये गुन्हा नोंद झाला. बँकेचं पत्र न आणता झाला, हे दोघांनीही लक्षात घ्यावं.

व्हॉट्सॲपचा तो मेसेज दाखवला तेव्हा तुमच्या रायटरने सांगितलं की नवरा-बायकोतलं बोलणं पुराव्यात चालत नाही. ही नुसती ऐकीव समजूत आहे. एका जोडीदाराने दुसऱ्याविरुद्ध गुन्हा केला असेल तर ते संरक्षण लागू होत नाही, जुन्या पुरावा कायद्यातही नव्हतं आणि नव्या साक्ष अधिनियमातही नाही. माझा जुना हँडसेट मी ड्रॉवरमध्ये बंद करून ठेवला आहे, मेसेज त्यातच आहे. नुसत्या स्क्रीनशॉटच्या झेरॉक्सवर काम भागत नाही.

आणि हो, मला विचारलंत, "नवऱ्याला आत टाकायचंय का?" सासूबाईंनीही तेच विचारलं होतं, माझ्या ताटात वाढता वाढता. मुलगा बारावीला आहे. खरं उत्तर द्यायचं तर, मला माहीत नाही. मला माझं नाव स्वच्छ हवं आहे आणि एक जुकी. पण त्या प्रश्नाचं उत्तर देईपर्यंत गुन्हा अडवून ठेवणं हे तुमचं काम नाही. पुढे काय करायचं त्याला कायद्यात वाटा आहेत. फसवणुकीचं कलम कोर्टाच्या परवानगीने मिटवता येतं. बनावट सहीचं तसं मिटत नाही, पण उच्च न्यायालयात जाऊन गुन्हा रद्द करून घेता येतो. ते मी आणि कोर्ट बघू.

गुन्हा नकोच असलेल्या बाईलाही रस्ता आहे आणि तो कुणी सांगत नाही. कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा म्हणजे मारहाण, असा समज आहे. त्यात आर्थिक छळ शब्दाशब्दाने लिहिला आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज द्यायचा. मॅजिस्ट्रेट संयुक्त खातं आणि लॉकर चालवायला मनाई करू शकतात, झालेलं नुकसान भरून द्यायला लावू शकतात, अंतरिम आदेशही देऊ शकतात. हा कायदा बायकांसाठीच आहे. बायकोने नवऱ्याच्या नावावर कार्ड काढल्याचीही प्रकरणं असतात. त्या नवऱ्यांना बाकीच्या वाटा माझ्यासारख्याच मोकळ्या आहेत, ही एक आणि उत्पन्नाची अट नसलेला मोफत वकील सोडून.

माझी एक गिऱ्हाईक आहे, तिची गोष्ट वेगळी आणि जास्त अवघड. तिच्या नवऱ्याने पतसंस्थेतून कर्ज काढलं आणि जामीनदार म्हणून तिची सही घेतली. खोटी नाही, खरी. ती म्हणते, "मी वाचलंच नव्हतं." दुर्दैवाने हा बनावट सहीचा मामला होत नाही. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. न वाचता केलेली सही ही सहीच, दबाव होता किंवा खोटं सांगून घेतली हे तिला सिद्ध करावं लागेल. पतसंस्थेवर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल चालत नाही, तिथे सहकार खातं. सहकार कायद्याच्या कलम 101 च्या वसुली दाखल्याची नोटीस आली की त्या तारखेला सहायक निबंधकांपुढे हजर राहून हरकत घ्यायचीच. दाखला निघून गेला की त्याविरुद्ध फेरतपासणीला आधी निम्मी रक्कम भरावी लागते. तिची तारीख हुकली. नोटीस नवऱ्याने सही करून घेतली होती.

घटस्फोटात "कर्ज नवरा फेडेल" असं लिहून घेतलं की सुटलो, असंही काहींना वाटतं. ते लिखाण दोघांपुरतं असतं, बँक त्याला बांधील नाही. नवऱ्याने हप्ता चुकवला की फोन बायकोलाच.

व्यवस्थापक साहेब, तुमच्याकडे माझं मागणं थोडकं आहे. बाईच्या नावाचं कर्ज असेल तर सही तिच्यासमोर घ्या आणि नमुना कार्डाशी ताडा. खात्याला जोडलेला नंबर तिच्याच नावावरचा आहे का ते विचारा. माझी आधीची तक्रार तशीच आहे, तिला लेखी उत्तर द्या. ठाणे अंमलदार साहेब, अर्जदार आली की आधी अर्ज वाचा, आरोपीचं नातं नंतर.

मी माझ्या परीने काय केलं तेही सांगते, म्हणजे फक्त मागते असं वाटायला नको. स्वतःच्या नावावर सिम घेतलं. संचार साथी या सरकारी पोर्टलवर बघितलं, माझ्या नावावर दुसरं कुठलं सिम नाही. आधारचे ठसे लॉक केले. खात्याला नवा नंबर जोडला, यूपीआय माझ्या फोनवर आणलं. उरलेले पाच फोटो फाडले.

तपास अधिकाऱ्यांनी सांगितलंय की पुढच्या आठवड्यात नमुना सह्या घ्यायच्या आहेत. मला मराठीत आणि इंग्रजीत पानभर कराव्या लागतील. मिस्टरांनाही माझं नाव इंग्रजीत पानभर लिहायला लावणार आहेत. दोघांना एकाच दिवशी बोलावलंय. साहेब, वेळ सकाळची द्या. दुपारी एका लग्नाचे अकरा ब्लाउज द्यायचे आहेत.

कळावे,

आपली एक खातेदार आणि एक तक्रारदार